पाहुण्यांच्या गावी : वारांगर सहलीच्या प्रकल्प नोंदी

२२ ऑक्टोबर २०२३, रविवार

सकाळी साडेसहाला कवडीला पोचलो. मुळा-मुठेच्या पाण्याला नेहमीचा वास, बंधाऱ्याखाली फेस, आणि त्या घाणीच्या कडेकडेने गाळ उपसत फिरणारे पाणपक्षी. जलपर्णीच्या काठावर या मोसमातला पहिला शंकर दिसला. इंग्रजी नाव ब्लूथ्रोट. चिमणीएवढा जीव, ठळक पांढरी भुवई, आणि शेपूट उडवली की बुडाशी तांबूस झळक. या दिवसांत त्याच्या गळ्याचा निळा रंग फिकट, धुवट असतो.

काका (गटातले सर्वांत ज्येष्ठ, वय ६७) दुर्बीण डोळ्यांवरून न काढता म्हणाले, "चाळीस वर्षं बघतोय याला. गाताना एकदाही ऐकलं नाही."

खरे आहे. हिवाळ्यात तो नुसता 'चक् चक्' करतो. गाणे तो विणीच्या जागी गातो, आणि ती जागा इथे नाही.

परतताना लोणीला चहाला थांबलो. विषय तोच. या पक्ष्याचे गाव कुठले? डॉक्टरांनी सांगितले की २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. नॉर्वे आणि चेक प्रजासत्ताकात वीण करणाऱ्या लाल ठिपक्याच्या शंकरांच्या पाठीवर प्रकाश मोजणारी बारीक यंत्रे बसवली होती. वर्षभराने तेच पक्षी पुन्हा पकडून यंत्रे वाचली, तेव्हा त्यांचा हिवाळा भारतीय उपखंडात गेल्याचे निघाले. युरोपातले लांबवर स्थलांतर करणारे बहुतेक छोटे पक्षी थंडीत आफ्रिकेला जातात. हा मात्र आग्नेयेला वळून आपल्याकडे येतो.

काका म्हणाले, "मग एकदा आपण तिकडे जाऊ."

हा प्रकल्प तिथून सुरू झाला. नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे. माणसे चार : काका, डॉक्टर, वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या ताई आणि मी.


५ नोव्हेंबर २०२३

जागा ठरवायची बैठक, ताईंच्या घरी. प्रत्येकाने आपापली यादी आणली होती, आणि चार याद्या मिळून अर्धा उत्तर ध्रुव झाला : ट्रॉम्सो, लोफोटेन बेटे, नॉर्थ केप, स्वालबार्ड. स्वालबार्डवर डॉक्टरांचा फार जीव होता. तिथे ध्रुवीय अस्वले आहेत, हिमनद्या आहेत. पण शंकरला घरट्यासाठी झुडपे लागतात आणि स्वालबार्डवर झुडूप म्हणावे असे काही उगवत नाही. ज्याच्यासाठी निघालो तोच तिथे घर करत नाही, म्हणून स्वालबार्ड बाद. डॉक्टरांनी ते मोठ्या मनाने मानले.

शेवटी वारांगर ठरले. नॉर्वेच्या ईशान्य टोकाला बॅरेंट्स समुद्रात घुसलेले द्वीपकल्प, ७० अंश उत्तर अक्षांशाच्या वर. नकाशात बोट फिरवताना दोन गोष्टींनी आम्ही चकित झालो. एक म्हणजे त्याच्या टोकावरचे वार्डो हे गाव इस्तंबूलच्याही पूर्वेला येते. दुसरी, ई-७५ नावाचा जो महामार्ग वार्डोला संपतो त्याचे दुसरे टोक ग्रीसच्या क्रीट बेटावर आहे. इतक्या उत्तरेला असूनही किनाऱ्याचा समुद्र हिवाळ्यात गोठत नाही, कारण अटलांटिकमधून वर येणारा उबदार प्रवाह तिथवर पोचतो. त्या पाण्यात कॅपेलिन नावाची छोटी मासळी आहे, म्हणून समुद्रकड्यांवर हजारोंनी पक्षी आहेत. आत जमिनीवर ओसाड टुंड्रा, दलदल, आणि खाडीच्या आतल्या बाजूला खुरटे बर्च. एवढ्याशा जागेत समुद्र, कडा, दलदल आणि पठार, आणि सगळीकडे गाडीरस्ता. काकांच्या गुडघ्यांचा विचार करता हे शेवटचे महत्त्वाचे.

ताईंनी एक अट घातली. इतके दूर विमानाने जायचे तर ते एकदाच, जास्त दिवसांसाठी, आणि तिथे पोचल्यावर आणखी उड्या मारायच्या नाहीत. मला ही अट मनापासून पटली. उत्तरेकडचा प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा वेगाने तापतो आहे आणि आपण तो बघायला इंधन जाळत जातो. हा हिशेब पूर्ण फिटणार नाही, पण म्हणून तो मांडायचाच नाही असेही नाही.


२६ नोव्हेंबर २०२३

आजचा प्रश्न : कधी?

वारांगरला पक्षी बघायला लोक दोन मोसमांत जातात. एक मार्च. तेव्हा बर्फ असते आणि बंदरांत स्टेलर्स आयडर, किंग आयडर ही उत्तरेची देखणी बदके शेकड्यांनी असतात. रात्री उत्तर ध्रुवप्रकाश दिसू शकतो. दुसरा जून. बदके बरीचशी पूर्वेला रशियाच्या किनाऱ्याकडे गेलेली असतात, पण टुंड्रावर वीण सुरू होते आणि सूर्य मावळत नाही.

डॉक्टर मार्चकडे झुकत होते. हिरवा ध्रुवप्रकाश कॅमेऱ्यात पकडायचा हे त्यांचे जुने स्वप्न. पण मार्चमध्ये शंकर आपल्याच नदीकाठी असतो! तो तिकडे पोचतो मेच्या उत्तरार्धात. जोमाने गातो तो जूनच्या मध्यापर्यंत, पुढे पिलांच्या पोटापाण्यात गाणे मंदावते. म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा. जून संपत आला की डासही वाढतात.

ताईंनी आणखी एक पाहुणा यादीत घातला आणि तारखा पक्क्या करून टाकल्या. लाल मानेचा फॅलरोप. वजन ३५ ग्रॅमच्या आसपास. स्कँडिनेव्हियात वीण करणारे हे फॅलरोप हिवाळा काढतात अरबी समुद्रात, जमिनीला पाय न लावता, उघड्या पाण्यावर तरंगत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभे राहून आपण ज्या क्षितिजाकडे बघतो, त्याच्या पलीकडे कुठेतरी ते पाण्यावर स्वतःभोवती भिंगरीसारखे फिरत असतात. त्या फिरण्याने खालचे पाणी वर ओढले जाते आणि त्याबरोबर बारीक किडे-कोळंब्या. या पक्ष्यात मादी जास्त रंगीत असते. ती अंडी घालते आणि निघून जाते. उबवणे, पिलांची राखण, सगळे नराकडे. माद्या लवकर परततात, म्हणून त्या बघायच्या तर जूनचा पहिला आठवडाच हवा.

ठरले : १ जूनला मुंबईहून निघायचे, १४ जूनला परत.

आता तिथे सूर्य उगवायचाच थांबला आहे. वार्डोला नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो क्षितिजाखालीच असतो.


१० डिसेंबर २०२३

आज आनंदाची नोंद नाही.

ट्रॉन्डहाइमला राहणाऱ्या माझ्या आतेबहिणीशी बोलणे झाले. ती म्हणाली, "तुम्ही येताय खरं, पण यंदा तिकडे फार वाईट झालं. बातम्यांत बघवत नव्हतं." २०२३च्या उन्हाळ्यात फिनमार्कच्या, म्हणजे वारांगर ज्या प्रांतात आहे त्याच्या, किनाऱ्यावर बर्ड फ्लू पसरला. सर्वांत जास्त मेले ते किटिवेक, काळ्या टोकाच्या पंखांचे नाजूक समुद्री कुरव. वाडसो गावात हजारो मेलेले पक्षी गोळा करावे लागले. नॉर्वेत किटिवेकची संख्या आधीच अनेक दशके घसरत आलेली आहे आणि तो तिथल्या लाल यादीत संकटग्रस्त आहे. त्यात हे.

बैठकीत प्रश्न निघाला की जाणे योग्य आहे का. आपल्या बुटांच्या तळव्यांनी आपण रोग एका वसाहतीतून दुसरीत नेला तर? तासभर बोललो. निर्णय असा : पुढच्या वसंतातली परिस्थिती बघून एप्रिलअखेर अंतिम होकार. तिकिटे तारीख बदलता येईल अशीच काढायची, महाग पडली तरी. समुद्रकड्यांवर जायचे दिवस सहलीच्या शेवटी ठेवायचे, म्हणजे तिथून पुन्हा दुसऱ्या वसाहतीत जाणे होणार नाही. बूट दर मुक्कामी घासून, जंतुनाशकाने धुवायचे. मेलेला किंवा मलूल पक्षी दिसला तर हात लावायचा नाही, दूर राहून स्थानिक यंत्रणेला कळवायचे. डॉक्टरांनी हे एका कागदावर लिहिले आणि चौघांनी त्यावर सह्या केल्या. सह्यांची खरे तर गरज नव्हती, पण करून बरे वाटले.


१५ जानेवारी २०२४, मकर संक्रांत

काकूंनी तिळगूळ देताना विचारले, "तुमच्या त्या गावात आज उत्तरायण लागलं का?" लागले, पण सूर्य अजून वर आलेला नाही. आणखी चारपाच दिवसांनी त्याचे पूर्ण बिंब क्षितिजावर दिसेल, आणि मग वार्डोच्या जुन्या किल्ल्यावरून तोफ उडवतील. शाळेतल्या मुलांना त्या दिवशी सुट्टी मिळते. दोन महिने न दिसलेल्या सूर्यासाठी तोफ! मला हे ऐकल्यापासून ते गाव परके वाटेनासे झाले आहे.

काकांनी अपेक्षेप्रमाणे टिळकांची आठवण काढली. वेदांतल्या लांबच लांब उषेच्या वर्णनांवरून लोकमान्यांनी आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ असल्याचा तर्क मांडला होता. तो तर्क आज अभ्यासक मानत नाहीत. पण पुण्यात बसून एक माणूस ध्रुवाजवळच्या पहाटेचा इतका बारकाईने विचार करत होता, याचे मला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे.

प्रकाशावरून आठवले म्हणून त्या यंत्रांबद्दल पुन्हा वाचले. ती एक ग्रॅमपेक्षाही हलकी असतात आणि उपग्रहाशी बोलत नाहीत. फक्त उजेड आणि वेळ नोंदवतात. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांवरून दिवसाची लांबी आणि मध्यान्ह कळते, दिवसाच्या लांबीवरून अक्षांश, मध्यान्हीवरून रेखांश. जुन्या दर्यावर्दींचीच रीत. यातली गंमत अशी की ऐन उन्हाळ्यात दूर उत्तरेला सूर्य मावळतच नाही, म्हणून तिथे हे यंत्र काहीच सांगू शकत नाही. पक्षी घरी असतो त्याच काळात त्याचा पत्ता हरवतो.


४ फेब्रुवारी २०२४

मार्ग ठरवला. नकाशा जमिनीवर पसरून चौघे त्याभोवती बसलो होतो, चार तास.

माझा पहिला आराखडा वाईट होता, हे आता कळते. बारा दिवसांत सात मुक्काम. किर्केनेस, तिथून दक्षिणेला पास्विकचे पाइनचे जंगल, मग नेसेबी, वाडसो, वार्डो, बर्लेव्होग, बोट्सफ्यूर. रोज सामान बांधा, गाडीत टाका, उतरवा. ताईंनी किलोमीटर मोजले आणि शांतपणे विचारले, "यात बसायचं कधी?" प्रश्न साधा होता. पक्षी बघणे म्हणजे बसणे, हे मी वीस वर्षे लोकांना सांगत आले आहे.

खोडाखोड करून उरलेला मार्ग :

किर्केनेसला विमानतळावर गाडी घ्यायची, दोन तासांत नेसेबी. तिथे तीन रात्री. नेसेबी वारांगर खाडीच्या आतल्या टोकाजवळ आहे. पाण्यात घुसलेल्या जमिनीच्या जिभेवर १८५८ साली बांधलेले पांढरे लाकडी चर्च. १९४४च्या शरद ऋतूत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने फिनमार्क जवळजवळ सगळे जाळले, त्यातून वाचलेल्या थोड्या इमारतींपैकी ही एक. चर्चशेजारच्या छोट्या तळ्यावर फॅलरोप येतात म्हणून पक्षीनिरीक्षकांत ही जागा माहीत आहे. भोवतालच्या बर्च-विलोच्या झुडपांत शंकर. हा मुलूख सामी लोकांचा, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचा. जवळच वारांगरबोट्नला त्यांचे संग्रहालय आहे, तिथे अर्धा दिवस नक्की.

पुढे दोन रात्री बर्लेव्होग. यावर वाद झाला. बर्लेव्होग द्वीपकल्पाच्या उत्तर बाजूला, म्हणजे पठार ओलांडून जायचे. तिथे लांब शेपटीचा स्कुआ मिळण्याची आशा. लेमिंग नावाचे उंदीर तीनचार वर्षांच्या चक्राने वाढतात आणि कोसळतात. ज्या वर्षी ते भरपूर त्या वर्षी स्कुआ घरटी करतात, नाहीतर नाही. डॉक्टर म्हणाले, "स्वालबार्ड सोडलं, ध्रुवप्रकाश सोडला. एवढं तरी राहू द्या." राहू दिले.

शेवटी वार्डोला चार रात्री, वाटेत वाडसो आणि एक्केरोय. वार्डो बेट आहे. तिथे समुद्राखालून जाणाऱ्या बोगद्याने पोचतात, नॉर्वेतला असा पहिलाच बोगदा, लांबी २.९ किलोमीटर. बंदरातून होडीने दहा मिनिटांवर हॉर्नोया. त्या बेटाच्या कड्यांवर गिलेमॉट, रेझरबिल, पफिन, किटिवेक, शॅग शेजारी शेजारी वीण करतात. १९८६-८७च्या सुमारास बॅरेंट्स समुद्रातली कॅपेलिन मासळी कोसळली तेव्हा गिलेमॉट उपासमारीने मोठ्या संख्येने मेले होते. हॉर्नोयावरचे त्यातून सावरले. फ्लूतूनही सावरोत.

पास्विक काढून टाकले. अस्वलांचे जंगल आहे, पुन्हा कधीतरी.

पैसे : माणशी अडीच लाखांत बसवायचे आहे. क्रोन साधारण आठ रुपयांना पडतो. रोज बाहेर जेवलो तर अंदाजपत्रक तिसऱ्या दिवशी कोसळेल, म्हणून स्वयंपाकघर असलेली लाकडी घरे घेतली आहेत. हिशेबाची वही काकांकडे.


२ मार्च २०२४

शेंगेन व्हिसाचे कागद. विम्याची किमान मर्यादा ३०,००० युरो. सहलीच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आम्ही तीन महिने आधी करतो आहोत. काकांचा फोटो एकदा परत आला, दुसरा चालला. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मी आणि डॉक्टरांनी आरटीओतून काढला. तिकडे गाडी उजव्या बाजूने, दिवसाही दिवे लावलेले, आणि रस्त्यावर रेनडिअर कधीही येऊ शकतात. सबंध सहलीत कुणीही ताशी ७०च्या वर जाणार नाही, असे ठरवून टाकले.


९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा

श्रीखंड-पुरीनंतर नियमांची बैठक. देशाचे नियम आधी.

नॉर्वेत मोकळ्या माळरानावर, डोंगरात, किनाऱ्यावर कुणालाही पायी फिरण्याचा हक्क आहे, मग जमीन कुणाचीही असो. १९५७च्या कायद्याने हा जुना रिवाज लिखित झाला. तंबू ठोकायचा तर वस्तीच्या घरापासून १५० मीटर दूर. आपल्याकडे तारेच्या कुंपणांची सवय असलेल्या माणसाला हे ऐकून भरून येते. पण ताईंनी लगेच सावध केले की हक्क आहे म्हणजे प्रत्येक ठिकाणी पाऊल टाकावे असे नाही. राखीव क्षेत्रांत वेगळे निर्बंध आहेत, हॉर्नोयावर आखलेली वाट सोडायची नाही. आणि जूनमध्ये सगळी टुंड्रा म्हणजे एक मोठे घरटे असते. अंडी जमिनीवर, दगडांच्या रंगाची.

यासाठी आम्हाला टिटवी उपयोगी पडली. शेताच्या बांधावर टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली की आपण समजतो, पाऊल तिच्या अंड्यांजवळ आहे. तिकडचे पक्षी वेगळे, भाषा तीच. नियम : कुठलाही पक्षी आपल्यासाठी ओरडू लागला तर फोटो न काढता, आलो त्याच वाटेने मागे फिरायचे.

आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही. यावर काका जरा अडखळले. शंकरचे गाणे ऐकायला इतके दूर जायचे आणि तो गप्प बसला तर? मी त्यांना एवढेच म्हटले की काका, त्याला तिथे जेमतेम दोन-तीन महिने मिळतात. जोडी जमवणे, अंडी, पिले, पिसे बदलणे, सगळे त्यात. खोट्या प्रतिस्पर्ध्याशी भांडण्यात त्याची एक सकाळसुद्धा का घालवायची? काका म्हणाले, "नाही वाजवायचं. लिहून ठेव."

लिहिले.

ड्रोन नेणार नाही. वार्डोजवळ विमानतळ आणि लष्करी रडार आहे, पण त्यांची बंदी असती-नसती तरी कड्यांवरच्या पक्ष्यांसाठी नेला नसताच. रशियाची सीमा किर्केनेसपासून अगदी जवळ आहे. त्या बाजूला मोठी लेन्स रोखायची नाही.

रेनडिअर रानटी समजू नयेत. ते सामी कुटुंबांचे आहेत, मेमध्ये त्यांना पाडसे होतात, आणि कळपामागे धावणे म्हणजे कुणाच्या तरी गोठ्यात शिरून गुरे उधळणे.

आता जेवण. बाहेरच्या देशांतून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणून साजूक तूप, पेढे, श्रीखंडाच्या वड्या घरीच. मेतकूट, गोडा मसाला, भाजके पोहे, कुळीथ पीठ, चटण्या, लोणचे चालेल. तांदूळ, बटाटे, लोणी तिथे मिळते. काकू मेतकूट-भातावर नॉर्वेचे लोणी कसे लागेल याची फार काळजी करत आहेत.


२८ एप्रिल २०२४

भिगवणला रंगीत तालीम. पहाटे तीनला उठून, सगळे सामान पाठीवर घेऊन, उजनीच्या काठावर. तिपाईचा एक पाय घसरतो हे इथे कळले ते बरे झाले.

पाणी खूप आटले आहे. पाहुणे जवळजवळ सगळे गेले. शंकर काठावर कुठेच नाही. गाळात रफ पक्ष्यांचा एक छोटा घोळका अजून होता. त्यातल्या एका नराच्या मानेभोवती काळसर पिसांची झालर फुटू लागली होती. तिकडे पोचेपर्यंत ती भरदार होईल आणि तो इतर नरांबरोबर ठरलेल्या माळावर नाचायला उभा राहील. हे घोळके नेमके वारांगरचे असतील असे नाही, ते सायबेरियाचेही असू शकतात. पण निघण्याची घाई मात्र त्यांच्यात स्पष्ट दिसत होती. सतत खाणे, मध्येच सगळ्यांनी मिळून उडणे, पुन्हा उतरणे.

संध्याकाळी आतेबहिणीचा फोन. तिने वार्डोला विचारणा केली होती. होड्या यंदा सुरू आहेत, सूचना पाळून जाता येईल. चौघांनी अंतिम होकार दिला.


१४ मे २०२४

काल मतदान झाले, बोटावर शाई आहे. वार्डोचे तापमान २ अंश, पठारावर बर्फ. तीनचार दिवसांत तिथला सूर्य मावळायचे थांबवेल, ते थेट जुलैच्या अखेरीपर्यंत.

यावरून दिवसाचा क्रम उलटा केला. रात्री दहा ते पहाटे चार निरीक्षण, कारण तेव्हा वारा पडतो, उजेड तिरपा येतो आणि पक्षी जास्त गातात. सकाळी सहा ते बारा झोप. खिडकीला लावायला काळे कापड ताईंनी शिवून आणले आहे. थंडीसाठी हिमालयातल्या ट्रेकचे कपडे काढून बघितले : लोकरीचे आतले कपडे, वारा अडवणारे जाकीट, दोन जोड हातमोजे. जूनमध्येही ५ अंश आणि समुद्राचा वारा. वार्डोला ऐन जुलैचे सरासरी तापमान १० अंशांच्या आसपास असते. झाडे नसण्याचे एक कारण तेच.


२३ मे २०२४

नेसेबीच्या घरमालकीणबाईंचा निरोप : "तुमचा पक्षी आला. परवापासून माझ्या सरपणाच्या ढिगावर बसून गातो." काकांना फोन करून वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.


३ जून २०२४, नेसेबी

ओस्लोहून दोन तासांचे विमान, किर्केनेस, गाडी. सगळे सामान पोचले. रस्त्याला दोनदा रेनडिअर. खाडीच्या पलीकडच्या डोंगरांवर पट्ट्यापट्ट्यांनी बर्फ आहे.

ताईंनी आज एक जुनी गोष्ट सांगितली. बरोबर याच तारखेला, ३ जून १७६९ला, व्हिएन्नाहून आलेले मॅक्सिमिलियन हेल हे खगोलशास्त्रज्ञ वार्डोला दुर्बीण लावून बसले होते. शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना बघायचा होता, आणि रात्रीही सूर्य दिसेल अशी जागा हवी होती. फक्त उजेडासाठी ते युरोप ओलांडून इथवर आले.


४ जून २०२४, रात्री २

लिहिताना दिवा लागत नाही.

साडेबाराला सरपणाच्या ढिगाकडे न जाता ओढ्याकाठच्या विलोंकडे गेलो आणि तीस पावलांवर बसलो. आधी काहीच नाही. मग एका फांदीच्या टोकावर तो वर आला. गळा असा निळा की कवडीला बघितलेला पक्षी हाच, हे मानायला मला वेळ लागला. मध्ये विटकरी ठिपका, खाली काळी-तांबडी पट्टी. सुरुवात घंटेच्या एकसुरी किणकिणीने, हळू, मग वेग वाढत गेला आणि त्यात इतर पक्ष्यांच्या नकला मिसळू लागल्या. काही ओळखल्या, बऱ्याच नाही. गाता गाता हवेत उडून शेपूट पसरून खाली आला. पुन्हा वर. तासभर.

काका डोळे मिटून बसले होते. दुर्बीण त्यांनी मांडीवर ठेवली होती.

पुण्यात आता साडेपाच वाजले असतील.


५ जून २०२४

चर्चजवळच्या तळ्यावर फॅलरोप. दोन माद्या आणि तीन नर, काठापासून चार मीटरवर, आमच्याकडे लक्षसुद्धा नाही. मादीच्या मानेचा तांबडा रंग शेंदरी म्हणावा इतका. भिंगरी, टोच, भिंगरी, टोच. ताई चिखलात मांडी घालून दोन तास एका जागी. एकाएकी म्हणाल्या, "या आता एकदोन आठवड्यांत निघतील. सप्टेंबरनंतर कदाचित आपल्या समुद्रावर असतील."

रात्री जेवताना उद्याची बांधाबांध काढली. सकाळी बर्लेव्होगला निघायचे, पठारावरून दोनशे किलोमीटरच्या आत. नंतर तिथून वार्डोला जायचे तर सबंध द्वीपकल्पाला वळसा, पावणेतीनशे किलोमीटर. कुणी काही बोलेना. मग डॉक्टरच म्हणाले, "पठारावर बर्फ आहे अजून. आणि त्या ओढ्याच्या वरच्या वळणावर दुसरा नर गातोय, त्याची जोडी मला बघायचीय."

मी तीनदा विचारले. स्कुआ? त्यांनी हाताने नको म्हटले.

घरमालकीणबाईंकडे आणखी दोन रात्री मोकळ्या आहेत. बर्लेव्होगचे भाडे परत मिळणार नाही. काकांनी तो आकडा हिशेबाच्या वहीत तांबड्या शाईने लिहिला, वही बंद केली, आणि घसरणाऱ्या पायाची तिपाई उचलून ओढ्याकडे निघाले.